फिजिक्स आणि नर्सिंग: दोन्ही शिकायचंय, पण कसं?

आपल्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलले तसंच जवळजवळ ठेवलंय, फक्त नियम आणि आकडे जरा नीट मांडलेत, म्हणजे कुणाला वही घेऊन घरच्यांसोबत बसायचं असेल तर सोपं जाईल.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते. मी सेनगावची. आधी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं, त्यानंतर बीएस्सी नर्सिंग. सध्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतोच, आणि गेल्या महिन्यात तर तिघांनी विचारला. त्यातला एक मेसेज तालुक्यातल्याच एका मुलीचा आहे. नाव सांगत नाही, मेसेज वाचते:

"ताई, मी बीएस्सी सेकंड इयरला हाय. फिजिक्स लई आवडतं. पण घरचे म्हणायलेत, नर्सिंग कर, लवकर नोकरी लागल. मला फिजिक्स सोडावं वाटत नाही. आता दोन डिग्र्या एकदम करता येतात म्हणं. मग फिजिक्स आणि नर्सिंग संगंच होईल का?"

पुढे तिने घरची परिस्थिती लिहिलीय. कोरडवाहू जमीन, सोयाबीन, थोडी हळद, धाकटा भाऊ दहावीला. म्हणजे पैसा एकदाच उभा राहणार आणि वर्षं वाया गेली तर ती तिच्या एकटीची जाणार नाहीत. म्हणून या प्रश्नाला "मनाचं ऐक" असलं उत्तर देऊन भागत नाही. हिशेब मांडायला लागतो.

आधी थोडक्यात उत्तर

दोन्ही डिग्र्या कॉलेजात जाऊन एकाच वेळी करणं आपल्याकडे जमत नाही. एकामागून एक जमतं, पण वर्षं लागतात. आणि फिजिक्स न सोडता नर्सिंगमध्ये राहायच्या आणखी दोन-तीन वाटा आहेत, त्या फारशा कुणी सांगत नाही. आता एकेक बघू.

२०२२ चा नियम नेमका काय सांगतो

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एप्रिल २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. "दोन डिग्र्या एकदम" ही गोष्ट तिथून आली. सूचनेत तीन प्रकार आहेत. पहिला, दोन्ही अभ्यासक्रम कॉलेजात जाऊन, पण एकाच्या तासांची वेळ दुसऱ्याच्या वेळेवर येता कामा नये. दुसरा, एक कॉलेजात जाऊन आणि दुसरा दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन. तिसरा, दोन्ही दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं वाक्य मात्र कुणी वाचत नाही. ज्या अभ्यासक्रमांना वेगळी व्यावसायिक परिषद आहे, त्यांना त्या परिषदेचे नियमही लागू राहतात. नर्सिंगला अशी परिषद आहे, भारतीय परिचर्या परिषद, आपण तिला इंडियन नर्सिंग कौन्सिल म्हणतो. १९४७ च्या कायद्याने ती झाली. म्हणजे यूजीसीने दार उघडलं तरी कौन्सिलची चौकट तशीच उभी आहे.

दुसरी गोष्ट विद्यापीठाची. आपल्याकडे बीएस्सी फिजिक्सची डिग्री नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. नर्सिंगची डिग्री नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. दोन विद्यापीठं, दोन वेळापत्रकं, दोन परीक्षा विभाग. एकाला दुसऱ्याच्या परीक्षेच्या तारखा विचारायची गरज नाही, आणि ते विचारतही नाहीत.

तासांचा हिशेब

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, आठ सेमिस्टरचं. कौन्सिलच्या सुधारित अभ्यासक्रमात आठवड्याला ४० तास धरलेत. शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिप असते, तिथे आठवड्याला ४८ तास. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते. आणि क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातली ड्युटी, ती डिग्री मिळण्याआधी १०० टक्के भरावी लागते. ताप आला, घरी लग्न होतं, सोयाबीन काढायला माणूस नव्हतं, कारण काहीही असो. बुडालेली ड्युटी नंतर भरून द्यायची.

दुसऱ्या बाजूला फिजिक्स. लेक्चर असतातच, शिवाय प्रॅक्टिकल. स्पेक्ट्रोमीटरवर प्रिझमचा कोन काढायला बसलात की दुपार गेली. प्रॅक्टिकल घरी बसून होत नाही.

आता सकाळची वॉर्ड ड्युटी आणि सकाळचं लेक्चर एकाच वेळी कसं बसवणार? "तासांची वेळ एकमेकांवर येता कामा नये" ही अट इथेच मोडते. त्यामुळे पहिला प्रकार आपल्या कामाचा नाही.

दुसरा प्रकार कागदावर होऊ शकतो: नर्सिंग कॉलेजात जाऊन आणि फिजिक्स दूरशिक्षणाने. इग्नूचं बीएस्सी आहे, ते कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांत करता येतं. पण त्यातही प्रयोगशाळेची सत्रं असतात, तिथे स्वतः हजर राहावं लागतं. नर्सिंगची ड्युटी सोडून तिकडे जायला कॉलेजची परवानगी लागेल. म्हणून प्रवेश घेण्याआधीच नर्सिंग कॉलेजकडून लेखी उत्तर घ्यायचं. तोंडी "बघू, करू" म्हणाले तर ते उत्तर धरू नका. उलटं, म्हणजे फिजिक्स कॉलेजात आणि नर्सिंग दूरशिक्षणाने, हे मुळीच होत नाही. पेशंटला हात न लावता नर्स होता येत नाही, ते बरोबरच आहे.

बारावीचा दाखला काढा

पुढचं सगळं ऐकण्याआधी बारावीची मार्कशीट समोर ठेवा. बीएस्सी नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, विज्ञान विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, एससी-एसटीला ४० टक्के. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. शिवाय राज्य सीईटी कक्षाची नर्सिंगची सीईटी.

इथे फिजिक्सवाल्यांची गोची होते. फिजिक्सकडे जायचं म्हणून बरेच जण अकरावीला मॅथ्स घेतात आणि बायोलॉजी सोडतात. मग बीएस्सीला कितीही चांगले मार्क पडोत, नर्सिंगच्या प्रवेशाला ते उपयोगी पडत नाहीत. तिथे बारावी बघतात. माझे बारावीला मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही होते, म्हणून मला पुढे दार उघडं मिळालं. अकरावीला असलेल्यांनी हे आत्ताच ऐका: मनात दोन्ही असतील तर चारही विषय ठेवा. अभ्यास वाढतो, पण नंतरचं एक वर्ष वाचतं.

बायोलॉजी नसेल तर काय? जीएनएम आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा, त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी आणि एकूण ४० टक्के लागतात. जीएनएम झाल्यावर नोंदणी करून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करता येतं. म्हणजे तीन अधिक दोन, पाच वर्षांत नर्सिंगची डिग्री. आणि गंमत म्हणजे या पोस्ट बेसिकमध्ये बायोकेमिस्ट्रीसोबत बायोफिजिक्स हा विषयच आहे.

वाटा कोणत्या

पहिली वाट मी गेले ती. आधी फिजिक्स, मग नर्सिंग. तीन अधिक चार, सात वर्षं. अमेरिकेत एखादी डिग्री असलेल्यांसाठी साधारण ११ ते १८ महिन्यांचे वेगवान नर्सिंग कोर्स आहेत. ब्रिटनमध्येही पदवीधरांना दोन वर्षांत नर्सिंग करता येतं. आपल्याकडे तशी सवलत नाही. फिजिक्सची डिग्री असो की नसो, पहिल्या सेमिस्टरपासून बसायचं. आणि पैशांचं एक लक्षात ठेवा. एक डिग्री झाल्यावर त्याच पातळीवरची दुसरी डिग्री घेतली की शिष्यवृत्तीचे नियम बदलतात. तुमच्या प्रवर्गाला दुसऱ्या डिग्रीसाठी काय मिळेल ते समाजकल्याण कार्यालयात अर्ज देऊन लेखी विचारा, मगच फीचा हिशेब करा.

दुसरी वाट, नर्सिंग सरळ करा आणि जिथे यंत्रं आणि मोजमाप जास्त आहे अशा विभागात जा. क्रिटिकल केअर, नवजात शिशू, कॅन्सर, ऑपरेशन थिएटर यांचे एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत. क्रिटिकल केअरमध्ये दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमही आहे, तो बीएस्सी नर्सिंग आणि कामाचा अनुभव यानंतर.

तिसरी वाट, फिजिक्सच पुढे न्या आणि त्यातूनच हॉस्पिटलात शिरा. याला मेडिकल फिजिक्स म्हणतात. एमएस्सी फिजिक्सनंतर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा असतो. कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन किती, कुठे, कोणत्या दिशेने द्यायचं याचा हिशेब मेडिकल फिजिसिस्ट करतो. रेडिओथेरपी विभाग चालवायचा तर असा माणूस ठेवावाच लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाची तशी अटच आहे. पण यात तुम्ही नर्स नसता, पेशंटशेजारी कमी आणि यंत्राशेजारी जास्त असता. हा फरक स्वतःला विचारून घ्या.

मेसेज पाठवणाऱ्या ताईला माझं म्हणणं: सेकंड इयरला आहेस, फिजिक्स पूर्ण कर. अर्धं सोडलंस तर हातात डिग्री नाही आणि गेलेली दोन वर्षं परत येत नाहीत. त्या वर्षात बारावीचे विषय तपास, सीईटीची तयारी कर. मग घरच्यांना सांग की एवढी वर्षं, एवढा खर्च, आणि शेवटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. ती नोंदणी झाली की नर्स म्हणून काम करता येतं, त्याआधी नाही.

पण फिजिक्सचा वॉर्डात उपयोग काय?

हे घरचे विचारतातच. माझ्या आईनेही विचारलं होतं. तर रोजच्या ड्युटीतली उदाहरणं देते.

ऑक्सिजनचं सिलिंडर घ्या. आपल्याकडे ॲम्ब्युलन्समध्ये बी टाइप सिलिंडर असतो. त्यात पाणी भरलं तर साधारण १० लिटर मावेल. गॅस मात्र १५० बार दाबाने भरतात, म्हणून बाहेर आल्यावर तो सुमारे १५०० लिटर होतो. हा बॉइलचा नियम, अकरावीतला. पेशंटला मिनिटाला ५ लिटर चालू असेल तर १५०० भागिले ५, म्हणजे ३०० मिनिटं, पाच तास. आता काटा ५० वर असेल तर? ५०० लिटर उरलेत, १०० मिनिटं पुरतील. सेनगावहून नांदेडला पेशंट न्यायचा तर अडीच-तीन तास लागतात. म्हणजे हा सिलिंडर वाटेतच संपणार. गाडी निघण्याआधी हा भागाकार कुणीतरी करायला पाहिजे, आणि तिथे उभी असते ती नर्स.

सलाईन. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचंय, सेटमधून २० थेंबांना एक मिलिलिटर पडतं. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. बाटली उंच टांगली की वेग का वाढतो, तर द्रवाच्या उंचीचा दाब. आणि रक्तस्राव होणाऱ्या पेशंटला निळ्या सुईऐवजी हिरवी, म्हणजे जाड कॅन्युला का घालतात? नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर प्रवाह ढोबळमानाने १६ पट होतो. चौथ्या घाताचा नियम आहे, पॉयझेलचा. इथे थोडी जाडीसुद्धा फार मोठा फरक पाडते.

बीपी. पट्टा हृदयाच्या उंचीवर पाहिजे. हात १० सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर रीडिंग साधारण ८ ने जास्त येतं. फक्त हात खाली होता म्हणून कुणाला बीपीची गोळी सुरू होऊ नये.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. त्यातून दोन प्रकाश जातात, एक लाल, ६६० नॅनोमीटरच्या आसपास, आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ९४० च्या आसपास. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी निघते. म्हणून नखाला गडद पॉलिश किंवा बोटाला गडद मेंदी असेल तर रीडिंग दगा देऊ शकतं. लग्नसराईत आपल्याकडे हे हमखास लक्षात ठेवायचं. बोट बदला किंवा कानाच्या पाळीला लावा. त्वचा गडद असेल तर यंत्र कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हेही २०२० नंतरच्या संशोधनात ठळकपणे पुढे आलंय. आकडा चांगला आणि पेशंट घाबरा झालेला, श्वास जोरात, तर पेशंटवर विश्वास ठेवा.

नवजात बाळ. बाळाची उष्णता चार वाटांनी जाते: ओल्या अंगावरचं पाणी उडून, थंड गादीला लागून, वाऱ्याने आणि जवळच्या थंड भिंतीकडे किरणांनी. म्हणून आधी पुसायचं, मग आईच्या छातीवर ठेवायचं. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरत नव्हते तेव्हा सुरू झाली.

वॉर्डात फिरतं एक्स-रे मशीन आलं की मी सरकते. एक मीटरवरून दोन मीटरवर गेलं की अंगावर येणारं रेडिएशन दुप्पट नाही, चौपट कमी होतं.

आणि एमआरआय. त्याचा चुंबक बटण दाबल्यावर सुरू होतो असं लोकांना वाटतं. तो नेहमी चालू असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. सिलिंडरसकट तो यंत्राकडे ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. दारात उभ्या एकाही माणसाला चुंबकाचं गणित मनापासून माहीत असतं, तर एक शब्द पुरला असता: थांबा.

हे आधी कुणी केलंय का

केलंय. मेरी क्युरीची मुलगी इरेन. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती पॅरिसमध्ये विद्यापीठात शिकत होती. तिने शिक्षण चालू असतानाच नर्सिंगचा कोर्स केला आणि आईसोबत युद्धभूमीजवळच्या इस्पितळांत एक्स-रे यंत्रं चालवायला गेली. सैनिकाच्या अंगात गोळीचा तुकडा नेमका कुठे आणि किती खोल आहे, हे भूमितीने काढून ती डॉक्टरांना दाखवायची. ते करता करता तिने गणित आणि फिजिक्सची डिग्रीही घेतली. १९३५ मध्ये तिला पतीसोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९५६ मध्ये ती रक्ताच्या कॅन्सरने गेली. आयुष्यभराच्या रेडिएशनशी त्याचा संबंध जोडतात. म्हणून वर म्हटलं, मशीन आलं की सरका.

ती बाई क्युरींच्या घरातली होती, आपण सेनगावातले, हे खरंय. पण आपल्या जिल्ह्याकडेही जरा बघा. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा होतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले, तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या. आणि २०२४ मध्ये हिंगोलीला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. एकाच जिल्ह्यात फिजिक्सचं एवढं मोठं काम आणि दवाखान्याचंही. दहा वर्षांपूर्वी असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आजूबाजूला दाखवायला यातलं काहीच नव्हतं.

या आठवड्यात करायची कामं

एक, बारावीच्या मार्कशीटवर बायोलॉजी आहे का आणि टक्के किती, ते बघा. दोन, सीईटी कक्षाच्या वेबसाइटवर यंदाची नर्सिंगची माहितीपुस्तिका वाचा, मागच्या वर्षीच्या पीडीएफवर जाऊ नका. तीन, जे कॉलेज मनात आहे त्याला इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत यंदा मान्यता आहे का आणि ते आरोग्य विद्यापीठाशी जोडलेलं आहे का, ते स्वतः तपासा. एजंट सांगतो म्हणून पैसे भरू नका. चार, सोबत कोणतं हॉस्पिटल आहे आणि त्यात पेशंट खरंच असतात का, हे एकदा जाऊन बघा. रिकाम्या खाटांवर नर्सिंग शिकता येत नाही. पाच, शिष्यवृत्तीचं उत्तर लेखी घ्या.

एवढं झालं की घरी बसून बोला. वडलांना वर्षं आणि खर्च कागदावर दाखवला की बोलणं वेगळं होतं, हे मी अनुभवाने सांगते.

तुमच्या बारावीच्या विषयांसकट प्रश्न पाठवा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल. पुढच्या भागात जीएनएम की बीएस्सी, यावर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि सिलिंडरचा काटा बघत जा.